पडसे, सर्दी आणि लागण : कुत्रा, मांजर व ससा यांच्या श्वसनरोगांची नावे

जून लागला की रत्नागिरीस पाऊस मुक्कामास येतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणाऱ्या पावसाचा बहुतेक भाग पुढील चार महिन्यांत कोसळतो. या काळात गावातील कुत्री ओट्यांवर, पडव्यांत, एसटीच्या स्थानकात आणि मिरकरवाडा बंदरावरील छपरांखाली दाटीने आश्रय घेतात. मांजरे चुलीच्या उबेला येऊन बसतात. हौसेने पाळलेल्या सशाच्या पिंजऱ्यावर झड लागू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद टाकला जातो. अशातच एखादा कुत्रा खोकू लागतो, मांजर शिंकू लागते, सशाचे नाक वाहू लागते. तिन्ही प्रसंगी घरातून एकच वाक्य ऐकू येते : ‘सर्दी झाली असेल.’

प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्य होय. रोगाचे नाव ही केवळ एक खूणचिठ्ठी आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु लोकव्यवहारातील रोगनामे पाहू गेल्यास त्यांत रोगाच्या कारणाविषयीचा एक सिद्धान्त दडलेला आढळतो, आणि त्या सिद्धान्ताबरोबर उपचाराची दिशाही ठरून गेलेली असते. माणसाच्या बाबतीत नाव चुकले तरी रुग्ण स्वतः बोलतो व चूक दुरुस्त होऊ शकते. मुक्या प्राण्याच्या बाबतीत नाव देणारा दुसराच असतो. त्यामुळे नावातील चूक थेट प्राण्याच्या जिवावर बेतते. कुत्रा, मांजर व ससा या तीन घरगुती प्राण्यांच्या सांसर्गिक श्वसनरोगांच्या आधारे ही गोष्ट स्पष्ट करता येते.

१. थंडीचा सिद्धान्त

‘सर्दी’ हा शब्द फारसीतून आला. ‘सर्द’ म्हणजे थंड. त्याचे भाववाचक नाम ते ‘सर्दी’. म्हणजे मुळात या शब्दाने रोगाचा निर्देश होतच नाही, रोगाच्या मानलेल्या कारणाचा होतो. त्याहून जुना मराठी शब्द ‘पडसे’. तो संस्कृत ‘प्रतिश्याय’ या शब्दापासून झाला असून चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत या नावाखाली नाक वाहण्याच्या विकारांचे विवेचन आहे. ‘प्रतिश्याय’ शब्दातील ‘श्यै’ हा धातू गोठणे, थिजणे या अर्थाचा. ‘शीत’ हा शब्दही त्याच धातूचा. इंग्रजीत याच विकाराला ‘कोल्ड’ म्हणतात. तीन निरनिराळ्या वाटांनी आलेल्या या तीन शब्दांच्या पोटात एकच विचार आहे : बाहेरची थंडी अंगात शिरली म्हणून नाक वाहिले. ‘गारठा बाधला’, ‘थंडी बाधली’ हे मराठी वाक्प्रयोग याच विचाराची पुष्टी करतात.

हा विचार अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. पावसाळ्यात व थंडीत हे विकार वाढतात, हे निरीक्षण खरे आहे. मात्र त्याचा अन्वय निराळा लावावयास हवा. ओल आणि गारठा यांमुळे विषाणू अथवा जंतू निर्माण होत नाहीत. परंतु त्यांच्यामुळे प्राणी एका आडोशाला गोळा होतात, दारे-खिडक्या बंद राहतात, हवा खेळती राहत नाही आणि एकाच्या खोकल्यातून उडालेले तुषार दुसऱ्याच्या नाकापर्यंत सहज पोहोचतात. थंडी ही येथे निमित्त, दाटी हे साधन, आणि जंतू हे कारण. ‘सर्दी’ या शब्दात फक्त निमित्ताला स्थान मिळाले आहे.

परिणाम व्यवहारात दिसतो. ‘सर्दी’ म्हटले की आजारी प्राण्याला ऊब देण्याकडे लक्ष जाते. तेवढे योग्यच असते. परंतु त्याला इतर प्राण्यांपासून वेगळे ठेवावे, त्याचे पाण्याचे भांडे निराळे करावे, हे त्या शब्दातून सुचत नाही. कारण थंडी एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

२. लागण, साथ आणि उपसर्ग

याचा अर्थ मराठीत संसर्गाची कल्पना नाही, असा मुळीच नाही. ‘लागण’ हा शब्द ‘लागणे’ या क्रियापदापासून सिद्ध झाला असून स्पर्शाने चिकटणाऱ्या गोष्टीचा त्यात स्पष्ट निर्देश आहे. ‘साथ’ हा शब्द तर विशेष मननीय आहे. संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे एकत्र प्रवास करणारा व्यापाऱ्यांचा तांडा. त्यापासून आलेल्या ‘साथ’ शब्दाचा मराठीत एक अर्थ सोबत असा झाला, तर दुसरा अनेकांना एकाच वेळी गाठणारा रोग असा झाला. जो रोग सोबतीने प्रवास करतो ती साथ, ही कल्पना आधुनिक रोगप्रसारशास्त्राला सहज मान्य होण्यासारखी आहे.

सुश्रुतसंहितेत ‘औपसर्गिक’ रोगांचा उल्लेख आहे. निकट सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येचा वा आसनाचा उपयोग यांतून काही रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे संक्रान्त होतात, असे तेथे सांगितले आहे. ज्या ‘उपसर्ग’ शब्दाने व्याकरणात धातूला येऊन जडणारे पद दर्शविले जाते, त्याच शब्दाने वैद्यकात येऊन जडणारा रोग दर्शविला जावा, हा योगायोग नव्हे. दोहोंच्या मुळाशी ‘जवळ येऊन मिळणे’ हा एकच अर्थ आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात येते. ज्या रोगांना ही संसर्गवाचक नावे लागली ते देवी, पटकी, गोवर यांसारखे, ज्यांचे रूप भयप्रद वा ठळक असे, ते रोग होते. नाक वाहणे व खोकणे या किरकोळ मानल्या गेलेल्या तक्रारी थंडीच्या खात्यात राहिल्या. घरच्या जनावरांचे श्वसनरोग त्याच खात्यात जाऊन पडले. जनावरांतही गुरांना वेगळा मान होता. त्यांच्या प्राणघातक साथीला ‘बुळकांडी’ हे स्वतंत्र नाव मिळाले, कारण शेतकऱ्याचा संसार गुरांवर चाले. कुत्रा, मांजर व ससा यांच्या रोगांना स्वतंत्र नावे देण्याची निकड भाषेला भासली नाही.

३. कुत्र्याचा खोकला : ‘कफ’ आणि ‘काटा’

कुत्र्यांच्या सांसर्गिक खोकल्याला मराठी पशुवैद्यही इंग्रजीतील ‘केनेल कफ’ हेच नाव वापरतात. ‘केनेल’ म्हणजे कुत्र्यांचे खुराडे. लॅटिन ‘कानिस’ पासून आलेला हा शब्द संस्कृत ‘श्वन्’ चा दूरचा आप्त होय. अनेक कुत्री एकत्र ठेवली जातात तेथे हा खोकला झपाट्याने पसरतो, म्हणून हे नाव. परंतु त्यातील दुसऱ्या पदाने मराठी कानाची फसगत होते. इंग्रजीतील ‘कफ’ म्हणजे खोकला. मराठीतील ‘कफ’ म्हणजे छातीत साठणारा बेडका. उच्चार एक, अर्थ दोन. ‘केनेल कफ’ म्हणताच कुत्र्याच्या छातीत कफ झाला, असा बोध होतो आणि कफ पातळ करण्याच्या उपायांकडे मन वळते. वस्तुतः हा खोकला बहुधा कोरडा, खणखणीत व ठसक्यासारखा असतो. खोकल्याच्या उमाळ्याच्या अखेरीस कुत्रा ओकारी आल्यासारखे करतो आणि कधी थोडा पांढरा फेस टाकतो.

या रोगाचे कारण एक नाही. पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू, अ‍ॅडिनोविषाणूचा दुसरा प्रकार, कुत्र्यांचा श्वसनमार्गी कोरोनाविषाणू, काही मायकोप्लाझ्मा आणि ‘बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका’ हा जंतू यांपैकी एक वा अनेक मिळून तो घडवितात. म्हणून शास्त्रीय लेखनात आता त्याला रोग न म्हणता रोगसंकुल म्हणण्याचा प्रघात पडला आहे. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात व ते सतत हलून धूळ, जंतू वर ढकलीत असतात. बोर्डेटेला नेमका या तंतूंना चिकटून त्यांची हालचाल थांबवितो. झाडूवालाच जायबंदी झाल्यावर केर साचावा तशी स्थिती होते. धडधाकट कुत्रा बहुधा एक ते तीन आठवड्यांत बरा होतो. लहान पिल्ले व म्हातारी कुत्री यांच्यात मात्र रोग फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होण्याचे भय असते.

येथे तुलनात्मक भाषाभ्यासकाला रस वाटावा असा एक प्रसंग आहे. मुलांच्या डांग्या खोकल्याला हिंदी बोलींत ‘कुकुर खाँसी’, म्हणजे कुत्र्याचा खोकला, म्हणतात. हे नाव आवाजाच्या साम्यावरून पडले असावे. डांग्या खोकल्याचा जंतू जूल बोर्दे व ऑक्ताव झांगू यांनी १९०६ साली वेगळा केला. कुत्र्यांतील जंतू त्यानंतर थोड्याच वर्षांत सापडला. पुढे दोन्ही जंतू बोर्दे यांच्या नावाच्या एकाच प्रजातीत गणले गेले, आणि २००३ साली त्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा डांग्या खोकल्याचा जंतू हा कुत्र्यातील जंतूसारख्याच एका पूर्वजापासून उत्पन्न झाला असल्याचे दिसून आले. लोकभाषेला हे ठाऊक होते, असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. ध्वनिसाम्यावरून नाते सांगणे आणि नियमित साम्यभेदांवरून नाते सिद्ध करणे यांतील अंतर भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तरी विसरता कामा नये.

कोकणच्या किनाऱ्यावर या खोकल्याचा आणखी एक अर्थ लावला जातो. कुत्रा मान पुढे ताणून ठसकतो, ओकारी काढतो. मासळी खाणाऱ्या मुलुखात पाहणाऱ्याच्या तोंडून साहजिकच उद्गार निघतो, ‘घशात काटा अडकला.’ कधी तो खराही असतो. कधी तो केनेल कफ असतो. आणि क्वचित् तो याहून कितीतरी भयंकर असतो : पिसाळण्याच्या रोगाच्या एका प्रकारात कुत्रा चवताळत नाही, त्याचा जबडा व घसा लुळा पडतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि घशात काही अडकल्याचा हुबेहूब भास होतो. काटा काढण्यासाठी दयाळू माणूस अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालतो आणि लाळेतील विषाणू हातावरच्या ओरखड्यातून शरीरात घेतो. तीन अगदी भिन्न अवस्था एका वाक्यात सामावल्या की काय होते, याचे याहून कठोर उदाहरण सापडणे कठीण. गळती लाळ, लोंबता जबडा वा बदललेले वर्तन दिसल्यास तोंडात हात न घालता पशुवैद्यास बोलावणे, हाच एक मार्ग आहे. आणि हात घातला गेलाच असेल, अथवा लाळ जखमेला लागली असेल, तर ती जागा साबण व भरपूर पाण्याने धुऊन त्याच दिवशी माणसाच्या दवाखान्यात लस घेण्यास जावयास हवे.

४. डिस्टेंपर : नाव नसलेला रोग

‘डिस्टेंपर’ हा शब्द मराठी घरांत परिचित आहे, तो भिंतीच्या रंगाचे नाव म्हणून. रंगाचे नाव व रोगाचे नाव यांचे मूळ एकच. लॅटिन ‘टेंपेरारे’ म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणे. रंग पाण्यात कालविला जातो म्हणून तो डिस्टेंपर. आणि शरीरातील रसांचे मिश्रण बिघडले म्हणून रोग होतो, या जुन्या युरोपीय समजुतीमुळे रोगही डिस्टेंपर. आयुर्वेदातील दोषवैषम्याच्या कल्पनेशी तिचे साम्य उघड आहे. पुढे हा सामान्य शब्द आकुंचन पावून मुख्यतः कुत्र्यांच्या एका विशिष्ट रोगापुरता उरला.

देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ साली या रोगाचे वर्णन केले. १९०५ साली फ्रान्समध्ये आंरी कारे यांनी तो गाळणीतून पार होणाऱ्या विषाणूमुळे होतो, असे दाखविले. तरीही अनेक वर्षे त्याचा दोष वर उल्लेखिलेल्या बोर्डेटेला जंतूला दिला जात असे. कारण रोगी कुत्र्यांच्या श्वासमार्गात तो हमखास सापडे. १९२०-३० च्या दशकात इंग्लंडमध्ये लेडलॉ व डंकिन यांनी कारे यांचे मत प्रस्थापित केले व प्रतिबंधक लस तयार केली. या कामातून मिळालेल्या अनुभवाच्या जोरावरच १९३३ साली माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू फेरेट या प्राण्याच्या साहाय्याने हाती लागला. कुत्र्याच्या रोगाने माणसाच्या रोगाचे दार उघडले ते असे.

डिस्टेंपरचा विषाणू गोवर व बुळकांडी यांच्या विषाणूंच्या प्रजातीतला आहे. प्रजातीचे ‘मॉर्बिली’ हे नाव लॅटिनमध्ये ‘छोटा रोग’ या अर्थाचे असले तरी कुत्र्यांना हा रोग छोटा नाही. लागण झाल्यावर काही दिवसांनी ताप येतो व उतरतो. तो बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. मग डोळ्यांतून व नाकातून प्रथम पाण्यासारखा आणि नंतर घट्ट, पिवळसर स्राव येऊ लागतो, खोकला सुरू होतो, अन्नावरची वासना जाते, उलट्या व हगवण होते. काहींचे नाक व पावलांचे तळवे टणक होतात. घरधनी म्हणतो, ‘सर्दी झाली आहे, पोटही बिघडले आहे.’ दोन लक्षणांना दोन नावे मिळाली, आणि त्या दोहोंना जोडणारा एक रोग दृष्टीआड झाला. काही आठवड्यांनी, कधी कुत्रा बरा झाल्यासारखा वाटत असतानाच, विषाणू मेंदूवर आपला परिणाम दाखवितो : अंगाला झटके येतात, जबडा चघळल्यासारखा हलतो, तोंडाला फेस येतो. आता गावाजवळ या दृश्यासाठी एकच क्रियापद असते : ‘पिसाळला.’ त्या शब्दासरशी काठ्या बाहेर पडतात.

‘पिसाळणे’ हे क्रियापद या बाबतीत फार शिकविणारे आहे. त्या एका शब्दात रोगाचे रूप, त्याचा प्रसार, त्याचे भय आणि करावयाची हालचाल ही सारी साठविलेली आहेत. म्हणूनच पिसाळलेले कुत्रे चावले असता दवाखान्यात धाव घ्यावी, हे कोणास सांगावे लागत नाही. डिस्टेंपरला असे क्रियापद मिळाले नाही. त्यामुळे त्याच्या पूर्वार्धाला ‘सर्दी’ हे अतिसौम्य व उत्तरार्धाला ‘पिसाळणे’ हे परके नाव मिळते, आणि लसीची वेळ निघून जाते. ही लस पिल्लाच्या वयाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. कारण आईच्या दुधातून आलेले संरक्षण लसीचा परिणाम होऊ देत नाही, आणि ते नेमके केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक निराळे असते. रोग झाल्यावर विषाणूवर खात्रीचे औषध नाही.

हे संकट कुत्र्यांपुरते थांबत नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात गावकुत्री व खोकडे यांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. माणसाच्या वस्तीतील कुत्र्यांत या विषाणूचा वावर किती सार्वत्रिक आहे, हे त्यातून दिसून आले. २०१८ साली गुजरातेतील गीर अरण्याच्या दलखाणिया भागात थोड्याच आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले. त्यांपैकी काहींच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दाखवून दिले. घरच्या अंगणात ‘सर्दी’ म्हणून दुर्लक्षिलेला रोग अरण्याच्या राजापर्यंत जाऊन पोहोचतो, ही वस्तुस्थिती आहे.

५. मांजर : सरपटणारे नाव

मांजराच्या शिंकण्यामागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात : हर्पिसविषाणू व कॅलिसिविषाणू. दोघांचा शोध १९५० नंतरच्या दशकात लागला. ‘कॅलिसि’ हे नाव विषाणूच्या पृष्ठभागावरील पेल्यासारख्या खळग्यांवरून पडले; लॅटिन ‘कॅलिक्स’ म्हणजे पेला. ‘हर्पिस’ ची कथा अधिक उद्बोधक आहे. ग्रीक ‘हेर्पेइन’ म्हणजे सरपटणे. भारोपीय भाषांच्या नियमानुसार ग्रीकातील आरंभीच्या ‘ह’ कारास संस्कृतात ‘स’ कार येतो; तेव्हा ‘हेर्पेइन’ म्हणजे संस्कृतातील ‘सर्पति’ होय. ‘सर्प’, ‘विसर्प’ आणि मराठी ‘सरपटणे’ ही सारी एकाच कुळातील. माणसाच्या अंगावर हर्पिसकुळातील विषाणूमुळे उठणाऱ्या पुरळाला मराठीत ‘नागीण’ म्हणतात, हे लक्षात घेतले असता ग्रीक वैद्य व मराठी आजीबाई यांनी एकाच प्रतिमेचा आश्रय केल्याचे दिसते.

मांजराच्या बाबतीत हे नाव निराळ्या अर्थाने सार्थ ठरते. मांजर बरे झाले तरी विषाणू शरीरातून जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत तो दडी मारून बसतो. घर बदलणे, बाळंतपण, नव्या मांजराचे आगमन अशा ताणाच्या प्रसंगी तो पुन्हा बाहेर सरकतो, आणि निरोगी दिसणारे मांजर आपल्याच पिल्लांना लागण देते. ‘दर पावसाळ्यात हिला सर्दी होते’ या वाक्यामागे पुष्कळदा हा दडलेला विषाणू असतो. हर्पिसमुळे डोळ्यांच्या पारदर्शक पटलावर व्रण पडतात, कॅलिसिमुळे जिभेवर व टाळूवर. नाक चोंदले की मांजराला वास येत नाही, आणि वास न आलेले अन्न मांजर खात नाही; काही दिवसांच्या उपासाने त्याच्या यकृतावर गंभीर परिणाम होतो. म्हणून शिंकणाऱ्या मांजराच्या बाबतीत ‘किती शिंकते’ यापेक्षा ‘काय खाल्ले’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

‘सर्दी’ हा शब्द सर्वाधिक घातक ठरतो तो येथेच. माणसाची सर्दी व मांजराची सर्दी यांना एकच नाव असल्याने माणसाची गोळी मांजराला चालेल, असा तर्क नकळत केला जातो. तापावर घरोघरी असणाऱ्या पॅरासिटामॉलचे विषारी अंश निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते, हिरड्या तपकिरी वा निळसर पडतात, तोंड सुजते. पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरेशी आहे. असाच प्रकार फरशी पुसण्याच्या फिनाइलचा. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराला बाधतात. कॅलिसिविषाणू बाहेर बरेच दिवस टिकत असल्यामुळे स्वच्छता आवश्यक असतेच. पण ती पाण्यात पुष्कळ पातळ केलेल्या ब्लीचने करून, जागा पुन्हा साध्या पाण्याने धुऊन व पूर्ण वाळू देऊन मगच मांजराला तेथे सोडावे.

६. ससा : आवाज नसलेला रुग्ण

कुत्रा खोकतो, मांजर शिंकते व ओरडते. ससा बहुधा गप्प असतो. भक्ष्य होणाऱ्या प्राण्याला आपला आजार झाकण्याची सवय असते. म्हणून सशाच्या रोगाची खूण आवाजात शोधून उपयोग नाही. ती त्याच्या पुढच्या पायांवर सापडते. नाक वाहू लागले की ससा ते पुढच्या पंजांनी पुसतो, आणि पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकट होऊन त्यांच्या गुठळ्या होतात. या रोगाला इंग्रजीत ‘स्नफल्स’ म्हणतात. नाक सुरसुरण्याच्या आवाजाचे ते अनुकरण आहे, जसे ‘शिंक’, ‘खोकला’, ‘ठसका’ हे मराठी शब्द अनुकरणवाचक आहेत.

त्याचे प्रमुख कारण ‘पाश्चरेला मल्टोसिडा’ हा जंतू. नावाचा पहिला भाग लुई पाश्चर यांच्या सन्मानार्थ. दुसऱ्याचा अर्थ ‘अनेकांना मारणारा’. पुष्कळ सशांच्या नाकात तो उपद्रव न देता राहतो आणि प्राणी अशक्त होताच डोके वर काढतो. ससा प्रायः नाकानेच श्वास घेतो. त्यामुळे माणसाला केवळ त्रासदायक वाटणारे चोंदलेले नाक सशाच्या दृष्टीने श्वास कोंडण्याइतके गंभीर असते. मान वर करून वा तोंड उघडून श्वास घेणारा ससा हा तातडीचा रुग्ण समजावा.

येथे ‘थंडी बाधू नये’ या हेतूने केलेला उपायच अपाय ठरतो. प्लॅस्टिकने झाकलेल्या पिंजऱ्यात लघवीतून निघणारा अमोनिया कोंडतो आणि नाकाच्या नाजूक अस्तराला इजा करून जंतूला वाट मोकळी करून देतो. वरून पाऊस अडविणारे छप्पर, बाजूंनी खेळती हवा आणि कोरडे, रोज बदललेले अंथरूण ही सशाची खरी गरज आहे. घरातील उरलेले प्रतिजैविक देणेही तितकेच धोक्याचे. पेनिसिलिनवर्गातील औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपकारक जंतू मरतात व घातक जंतू माजून ससा दगावतो. शिवाय सशाच्या नाकात मुकाट्याने राहणारा बोर्डेटेला गिनीपिगला मारक न्यूमोनिया देऊ शकतो. म्हणून हे दोन प्राणी एका पिंजऱ्यात ठेवू नयेत.

७. नावे कशी असावीत

या विवेचनावरून नवी संस्कृतनिष्ठ नावे घडवावीत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. डिस्टेंपरला ‘श्वानगोवर’ म्हणावे, असे सुचविता येईल. विषाणूंचे नाते त्यास अनुकूल आहे. परंतु कुत्र्याच्या अंगावर गोवरासारखे पुरळ हे या रोगाचे ओळखीचे लक्षण नाही, आणि मुलांना कुत्र्यापासून गोवर होतो अशी खोटी धास्ती मात्र पसरेल. नावाने पसरणारी धास्ती किती दूर जाते, हे २०२० साली दिसून आले. ‘कोरोना’ हे विषाणूंच्या एका मोठ्या कुळाचे नाव. कुत्र्यांचे कोरोनाविषाणू त्या कुळातले असले तरी माणसांत साथ घडविणाऱ्या विषाणूहून निराळे. परंतु आडनाव एक म्हणून माणूसही एकच, असा समज झाला, आणि भयापोटी पाळीव कुत्री-मांजरे रस्त्यावर सोडून देण्याचे प्रकार महाराष्ट्रातही घडले.

तेव्हा नवे नाव घडविण्यापेक्षा असलेल्या शब्दांचा काटेकोर उपयोग करणे अधिक हिताचे. लक्षणांच्या बाबतीत मराठी भाषा समृद्ध आहे. खोकणे, ठसकणे, ढासणे, शिंकणे, धापा टाकणे, घरघरणे, सुरसुरणे यांतील प्रत्येक क्रियापद श्वासमार्गाच्या वेगळ्या अवस्थेकडे बोट दाखविते. ‘सर्दी झाली’ असे सांगणारा मनुष्य पशुवैद्याला निदान सांगतो, आणि तेही बहुधा चुकीचे. ‘दोन दिवस कोरडे ठसकतो, नाकातून पिवळे येते, काल जेवला नाही, शेजारचा कुत्राही खोकतो आहे’ असे सांगणारा त्याला पुरावा देतो. पहिल्या वाक्यात एक सिद्धान्त आहे, दुसऱ्यात निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट ‘लागण’ या शब्दाची. तो ठसठशीत आहे, सर्वांना कळणारा आहे, आणि करावयाची कृती त्यातच सुचविलेली आहे. ‘कुत्र्याला खोकल्याची लागण झाली’, ‘मांजराला डोळ्या-नाकाची लागण आहे’ असे म्हणताच प्राणी वेगळा ठेवणे, भांडी निराळी करणे, लस टोचली आहे की नाही याची चौकशी करणे या गोष्टी आपोआप पुढे येतात. डिस्टेंपर हे नाव परके असले तरी ते तसेच ठेवून, ‘पिल्लांना होणारी, सर्दीसारखी सुरू होणारी व मेंदूपर्यंत जाणारी लागण’ एवढा अर्थ त्याला चिकटविता आला, तर ‘पिसाळणे’ या क्रियापदाने जे काम केले तेच काम हाही शब्द करू शकेल.

मूक प्राण्याचा आजार माणसाच्या शब्दांतूनच वैद्यापर्यंत पोहोचतो. तो शब्द जितका निरीक्षणाच्या जवळ, तितका तो प्राणी उपचाराच्या जवळ. पावसाळ्यातील एखाद्या सकाळी पडवीत ठसकणाऱ्या कुत्र्याकडे पाहून ‘सर्दी असेल’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबून तो नेमके काय करतो आहे हे पाहणे, एवढ्यानेही एखादा जीव वाचू शकतो.